ऐकू येणारं इंजिन

थंडी पडली की माझा आवाज चढतो. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत पाहिजे त्याला विचारा. एरवी मी बरी असते. पण दिवाळी उरकली, कपाटातली स्वेटरं उन्हात पडली, भाजीवाल्याच्या लारीवर पापडीचे आणि लिलव्याचे, म्हणजे ओल्या तुरीचे, ढीग दिसायला लागले, की मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. नवरा म्हणतो, "अगं, मी इथेच आहे, डभोईला नाही." तो थट्टेत म्हणतो. त्याच्या लेखी डभोई हे बडोद्याजवळचं एक गाव आहे. मला त्या नावासरशी एक अख्खा हिवाळा आठवतो, आणि तो आठवला की पुढचे दोन महिने मी कुणाच्या फारशी कामाची राहत नाही.

नव्वदीच्या दशकातला हिवाळा. अलकापुरीत दर महिन्याला नवं दुकान उघडत होतं, आमच्या नागरवाड्यात गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर टेलिफोनची पिवळी बूथं उभी राहत होती. जो तो म्हणायचा, आता सगळं नवं येणार. आमच्या घरी नवं आलं ते इंजिन. घरी म्हणजे बाबांच्या कामावर, पण आमच्याकडे त्या दोन्हींत कधी फरक नव्हता. पणजोबा सरकारच्या पलटणीत घोडेस्वार होते, आजोबा रेल्वेत शिरले, आणि बाबा प्रतापनगरहून डभोईला जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीवर ड्रायव्हर. घोड्यावरून उतरलो ते थेट इंजिनावर बसलो, असं आजोबा मिशीवर हात ठेवून सांगायचे.

त्या गाडीला लोक बापूगाडी म्हणत. नावात लाड होता आणि थोडी कीवही. धाढर नदीचा पूल आला की ती इतकी हळू होई की खालच्या पाण्यातले बगळे मोजावेत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, डभोईच्या एका शाळेत हंगामी विज्ञानशिक्षिका होते आणि रोज अपडाउन करत होते. बडोद्यात रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला एवढा एकच शब्द आहे. "शुं करो छो?" "अपडाउन." नोकरी कसली हे मागाहून विचारतात.

म्हणजे सकाळी बाबा इंजिनात आणि मी त्यांच्या मागच्या पहिल्याच डब्यात, बायकांच्या. घरून निघायचो मात्र आम्ही वेगवेगळे. ते सायकलवर तासभर आधी जात. मी मागून धापा टाकत पोचे. फलाटावर ओळख दाखवायची नाही हा बाबांचा नियम होता. ड्युटीवर मुलगी वगैरे काही नसतं, म्हणायचे. मी इंजिनाजवळून जाताना ते दुसरीकडे बघायचे, पण मी डब्यात चढल्याशिवाय शिट्टी देत नसत. एवढी सवलत होती.

कोळशाची इंजिनं गेल्यावर आमच्या लाईनीवर जी पहिली डिझेलं आली, ती दुसऱ्या कुठल्या तरी लाईनीवर घासून घासून झालेली होती. बाबांचं जुनं इंजिन त्यांतलंच. थंडीत ते उठायला तयार नसे. अंधार फिटायच्या आधी फिटर लोक त्याच्याशी झटत, ते खोकल्यासारखे दोन आवाज काढी, पांढरा धूर सोडी, गप्प बसे. एकदा का उठलं, की मग मात्र त्याच्या आवाजापुढे काही उरत नसे. आमच्या डब्याच्या खिडक्यांच्या काचा खुळखुळत. लोखंडी बाकावरून तो आवाज हाडांत शिरे. दर स्टेशनावर थांबून पुन्हा हलायला त्याला इतका वेळ लागे की केलनपूर, भिलापूर, थुवावी करत डभोई येईपर्यंत पहिला तास बुडायच्या बेतात असे. माझी पांढरी ओढणी आठवड्यात राखाडी झाली, तेव्हापासून मी गडद रंगाचेच कपडे घेते, आजही.

त्या आवाजात इंजिनातल्या दोघांना बोलता येत नसे. बाबा आणि त्यांचे असिस्टंट भरतभाई हातांनी बोलत. सिग्नल पडलेला, म्हणजे वाट मोकळी, दिसला की भरतभाई कोपरापासून हात तिरका खाली करत. बाबा तसाच हात करून उत्तर देत. सिग्नल पडलेला नसला, म्हणजे थांबायचं असलं, तर हात आडवा. रुळांवर म्हैस म्हणजे कपाळावर दोन बोटं. चहा म्हणजे अंगठा ओठांशी. वर्षानुवर्षं त्या दोघांचं असं चाललं होतं, आणि बाबांनी ते घरीही आणलं होतं. जेवताना आमटी हवी असली तर तळहात वाटीसारखा करायचे, पुरे म्हणायला हात आडवा. आई वैतागायची. "तोंड दिलंय ना देवानं? आमटी पाहिजे तर आमटी म्हणा." बाबा हसायचे आणि पुन्हा तळहात पुढे. आम्हाला ती गंमत वाटायची. किती वर्षं गंमत वाटली, याची आता लाज वाटते.

देवदिवाळीच्या सुमाराला नवं इंजिन आलं. निळ्या-पिवळ्या रंगाचं, काचा स्वच्छ, दार लावलं की घट्ट बसणारं. अपडाउनच्या गाडीला कुठलं चांगलं, जुनं की नवं, हे ठरवायचं होतं. म्हणून तो सगळा हिवाळा एकाच सकाळच्या गाडीला एक दिवस जुनं आणि एक दिवस नवं इंजिन जोडायचं असं ठरलं. प्रत्येक ड्रायव्हरनं जानेवारीअखेर आपलं मत लेखी द्यायचं होतं. बाबा लाईनीवरचे सगळ्यांत जुने, म्हणून इन्स्पेक्टर साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावून सांगितलं की तुमचा कागद मी पहिला वाचणार. बाबा त्या दिवशी घरी आले ते छाती काढून. आईनं शिरा केला.

आमच्या डब्यात त्या इंजिनावरून रोज चर्चा. कोकिलाबेन म्हणून एक होत्या, डभोईच्या बँकेत. थंडीत त्या मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या आणि वाटेत लिलवे सोलायच्या. डब्यातल्या सगळ्यांनी मूठमूठ शेंगा उचलायच्या हा रिवाज होता, कारण संध्याकाळी कचोऱ्या व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यात यायच्या. "आजे नवुं छे के जूनुं?" असं त्या फलाटावर आल्या आल्या विचारायच्या. नवं असलं तर "हाश!" म्हणून पाय पसरायच्या. नव्या इंजिनाच्या दिवशी गाडी थांबली कधी आणि निघाली कधी कळत नसे. गचका नाही, धूर नाही. शेंगा सोलताना गप्पा मारता येत. जुन्याच्या दिवशी नुसत्याच शेंगा.

मीही नव्याच्याच बाजूची होते. पहिला तास वाचत होता, ओढणी स्वच्छ राहत होती. बाबांना विचारलं, कसं आहे हो नवं? ते म्हणाले, "चांगलं आहे. फार चांगलं आहे." आणि ताटाकडे बघत राहिले. नव्याच्या दिवशी ते घरी येत तेव्हा थकलेले असत. जुन्याच्या दिवशी काळे होऊन येत, पण खुशीत. मला वाटलं, माणसाला सवयीचं सुटत नाही, दुसरं काय.

मग एका धुक्याच्या सकाळी डभोईला उतरल्यावर भरतभाई माझ्यामागे आले. माणूस कमी बोलणारा, हातात तेलाचं फडकं. म्हणाले, "बेन, एक वात कहेवी छे. खोटुं ना लगाडता." राग मानू नका म्हणाले, म्हणून मीच घाबरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मोहितेकाका सांभळता नथी." मोहितेकाका, म्हणजे आमचे बाबा, ऐकत नाहीत.

मला आधी वाटलं, बाबा त्यांचं सांगणं मानत नाहीत, अशी तक्रार आहे. मी म्हटलं, हट्टी आहेत हो ते. भरतभाईंनी मान हलवली आणि स्वतःच्या कानाला हात लावला. मग सगळं सांगितलं. नव्या इंजिनात काही बिघडलं की सूचनेची घंटा वाजते. दोन दिवसांपूर्वी ती भिलापूरच्या अलीकडे वाजली आणि वाजतच राहिली. बाबा समोर बघत होते, शांत. भरतभाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले. तसं नुकसान काही नव्हतं, गाडी वेळेवर थांबली. पण आता आत ऐकू येतं म्हणून सिग्नल तोंडानं पुकारायचा असा हुकूम आहे, आणि भरतभाई पुकारतात तेव्हा बाबा वळून त्यांच्या तोंडाकडे बघतात. तेवढा वेळ रुळांवर नजर नसते.

"आणि जुन्यात?" मी विचारलं.

"जूनामां तो कोई ज नथी सांभळतुं," भरतभाई म्हणाले. "एमां अमे बधा सरखा."

जुन्या इंजिनात कुणालाच ऐकू येत नव्हतं. त्यात सगळे सारखेच बहिरे होते, म्हणून बाबांचं बहिरेपण कुणाला दिसलं नाही. इंजिनानंच त्यांचे कान खाल्ले आणि इंजिनानंच ते इतकी वर्षं झाकून ठेवलं. मी त्या दिवशी सातवीला चुंबकत्व शिकवत होते. अर्धा धडा झाल्यावर एका मुलीनं उठून सांगितलं की बाई, हे तुम्ही काल शिकवलंत. भरतभाई जाताना म्हणाले होते की मी कुणाला बोलत नाही, पण मलाही बायकापोरं आहेत. त्यात धमकी नव्हती. ते बिचारे माझी परवानगीच मागत होते, गप्प राहण्याची.

माझा विश्वास बसला नव्हता असं नाही, पण बसवून घ्यायचा नव्हता. मार्गशीर्ष चालू होता. दर गुरुवारी आमच्याकडे महालक्ष्मीची पूजा व्हायची, कलशाला आईचा जरीचा खण नेसवायचा, आणि कहाणी वाचायचं काम माझ्याकडे असे. त्या गुरुवारी बाबांना सुट्टी होती. ते आंघोळ करून पाटावर बसले, हात जोडले, डोळे मिटले. आई आत नैवेद्याच्या मागे. मी कहाणी सुरू केली. राजा आला, राणी आली. मग माझ्याच्यानं राहवेना. आवाज तोच ठेवला, हेल तोच ठेवला आणि म्हणायला लागले, "हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन..." वीस मूलद्रव्यं झाली. बाबांच्या चेहऱ्यावर तीच भक्ती. त्यांना कहाणीचा वेळ अंदाजानं माहीत होता. कॅल्शियमच्या पुढे गेल्यावर त्यांनी डोळे उघडले, फुलं वाहिली आणि डोकं टेकलं.

मी मान वर केली तर दारात आई उभी होती. हातात कलथा. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता देवाची थट्टा केली म्हणून बरसेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि आत गेली. तेव्हा कळलं की आईला माहीत आहे. केव्हापासून कोण जाणे. रात्रीची भांडी आवरताना ती एवढंच म्हणाली, "आपल्याला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही गं. इंजिन गेलं तर ते काय करतील?"

हा प्रश्न मला त्या हिवाळ्यात दुसरं काही सुचू देईना. बाबांना दुसरं काही येत नव्हतं आणि हवंही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते वेळ कसा घालवावा हे न कळून सायकल पुसत बसत. जुनं इंजिन राहिलं तर बाबा राहणार होते. नवं राहिलं तर आज ना उद्या कुणीतरी खांद्यावर हात ठेवणार होतं, आणि तो भरतभाईंचा नसणार होता. दुसऱ्या बाजूला आमचा डबा होता, कोकिलाबेन होत्या, मी होते. नव्याच्या दिवशी मी शेंगा सोलणं सोडून धुक्यात बघत बसे. पूल आला की खिडकीचा गज हातात धरे. बापाच्या गाडीत बसून मुलीला भीती वाटते, ही गोष्ट कुणाला सांगणार?

बाबांच्या मताचा रिपोर्ट लिहिला तो संक्रांतीच्या दिवशी. आमच्याकडे तिला सगळे उत्तराणच म्हणतात. त्या दिवशी बडोद्यात घरात कुणी नसतं; गाव गच्चीवर असतं. लाउडस्पीकर, थाळ्या, पिपाण्या, पतंग कापला की गल्लीभर आरोळी. त्या गोंगाटात बाबा मला खाली घेऊन बसले. तिळगुळाचं ताट बाजूला सारलं, कोरे कागद पुढे ठेवले. साहेब परप्रांतातले होते, आणि इंग्रजीत लिहिलेला कागद वर जातो असा बाबांचा विश्वास. त्यांना स्वतःला इंग्रजी सुट्या भागांच्या नावांपुरतं येई. "मी सांगतो, तू लिही," म्हणाले. बाहेर एवढा आवाज असताना ते अगदी हळू बोलत होते, देवळात बोलावं तसं. मला वाकून ऐकावं लागत होतं.

त्यांचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. "थांबे जास्त असलेल्या गाडीला लवकर उचल घेणारं इंजिन पाहिजे. नवं इंजिन तशी उचल घेतं. जुनं दर थांब्याला वेळ खातं आणि अपडाउनवाल्या माणसाची हजेरी बुडते. जुन्याचा धूर पहिल्या डब्यात जातो, तिथे बायका बसतात. नव्याचा ब्रेक खात्रीचा. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, नव्या इंजिनात ऐकू येतं. मागे कुणी ओरडलं तर ऐकू येतं, फाटकावर गाडी वाजली तर ऐकू येतं, असिस्टंट बोलला तर ऐकू येतं. जुन्यात मी इतकी वर्षं काढली, तिथे माणूस एकटा असतो. माझं मत, नवंच आणावं. लवकर आणावं."

ऐकू येतं हे त्यांनी चारदा म्हटलं आणि चारदा माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांना सगळं माहीत होतं. आपण काय लिहून देतोय हेही.

आणि मी काय लिहिलं? मी लिहिलं की नवं इंजिन बिघडलं तर आपल्या लाईनीवर दुरुस्त करणारं कुणी नाही, बाहेरून माणूस यावा लागतो. जुनं हातोडी आणि तारेवर चालतं. लाईनीवरच्या लोकांचा त्यावर हात बसलेला आहे, धुक्याच्या दिवसांत सवयीचं इंजिन जास्त भरवशाचं. माझं मत, अपडाउनच्या गाडीला जुनं इंजिनच ठेवावं. यातलं एकही वाक्य धड खोटं नव्हतं. फिटर लोक चहाला बसले की हेच बोलत. मला माझ्या इंग्रजीचा अभिमान होता, अक्षर सुरेख होतं.

"वाच एकदा मराठीत," बाबा म्हणाले.

मी कागद उभा धरला, चेहरा त्यांच्याकडे केला आणि ओठ नीट हलवत त्यांचीच वाक्यं त्यांना परत ऐकवली. नवं इंजिन उचल घेतं. नव्या इंजिनात ऐकू येतं. लवकर आणावं. ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. शेवटी मान हलवली, पेन घेतलं आणि इंग्रजीत झोकदार सही केली. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि गच्चीवर निघून गेले. वर कुणीतरी मला फिरकी धरायला दिली. मी संध्याकाळपर्यंत धरून उभी होते.

मी बापाला वाचवलं असं मला वाटलं होतं. चार-पाच दिवस तरी वाटलं.

महिना संपायच्या आत बाबा एका दुपारी पायी घरी आले, सायकल हातात धरून. कॅरियरवर त्यांची ड्युटीची लोखंडी पेटी बांधलेली. ती पेटी आजवर घरी आली नव्हती, ती शेडमध्येच असे. आईनं ती पाहिली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. बाबांनी चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊन आलो. मीच सांगितलं त्यांना, कान तपासा म्हणून."

"का?" मी ओरडले. पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले, आणि पहिल्यांदाच त्यांना नीट ऐकू गेलं असावं.

"का म्हणजे?" बाबा म्हणाले. "रिपोर्टात लिहिलंय ना आपण, नव्या इंजिनात ऐकू येतं म्हणून? मग तिथे ऐकणारा माणूस नको? साहेबांनी वाचलं असेल. उद्या नवं आणलं आणि त्यात मीच बसलो, तर तो कागद खोटा नाही का होणार?"

सांगायला हवं होतं तेव्हाच, तिथेच, पाय धुऊन बसलेल्या त्या माणसाला. कागदात तसं काही नाही बाबा, तुम्ही उगाच उतरलात. पण हे सांगणं म्हणजे त्यांच्याकडे जेवढं उरलं होतं तेवढंही काढून घेणं. त्यांना इंजिनातून उतरताना एका खऱ्या कागदाचा आधार होता. तो कागद मी आधीच खोटा केला होता. मी आत गेले आणि पेटी कुठे ठेवायची यावर आईशी वाद घातला.

बाबांना शेडच्या भांडारात बसवलं. झेंडे, दिवे, फडकी द्यायची आणि सही घ्यायची. तिथे बोलावं लागत नसे. मी त्याच गाडीनं अपडाउन करत राहिले, इंजिनात दुसरा ड्रायव्हर. मी चढायच्या आधीच शिट्टी होई, मला धावावं लागे. पुढच्या पावसाळ्यानंतर जुनी इंजिनं एक एक करून गेली आणि सगळीकडे नवी आली. ती यायचीच होती; ज्यांनी ठरवायचं त्यांचं बहुधा आधीच ठरलेलं होतं. पण बाबा भांडारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत की मी लिहून दिलं होतं. घरी पाहुणे आले तरी सांगत. "हिनं लिहिलं, माझ्या मुलीनं. इंग्रजीत." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघत, आणि मी चहा टाकायला उठत असे.

आता ते छोटे रूळही नाहीत. मोठी लाईन झाली, वर विजेच्या तारा आल्या. डभोईला जाणारी गाडी हल्ली इतकी चिडीचूप येते की फलाटावर कडेला उभ्या असलेल्या माणसाला सावध करावं लागतं. नव्याचं मला वावडं नाही. फक्त थंडीत, धुकं पडलं की, ती आवाजाशिवाय येताना पाहवत नाही. मी तोंड फिरवते.

पण मला लिहायचं होतं ते बाबांच्या निरोपाचं. त्या हिवाळ्यानंतर चार वर्षांनी ते निवृत्त झाले, तेही थंडीतच. शेडच्या आवारात तंबू ठोकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, मेथीची गरम गोटाभजी आणि जिलबी होती. तोवर बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. माझं लग्न झालं होतं, तरी अशा वेळी त्यांच्या शेजारी मीच बसत असे, कारण माझे ओठ त्यांना सगळ्यांत नीट वाचता येत. कुणी काही बोललं की ते माझ्याकडे वळत आणि मी मोठ्यानं, तोंड उघडून सांगे. दुसऱ्या बाजूला भरतभाई होते, आता स्वतः ड्रायव्हर झालेले.

इन्स्पेक्टर साहेब बदली होऊन गेले होते, पण मुद्दाम आले. हार घातला आणि माइक हातात घेऊन हिंदीत बोलायला लागले. मोहितेजी किती शिस्तीचे, गाडी कशी कधी पुढे-मागे नाही. मग हसून म्हणाले, "और इनकी वो रिपोर्ट मुझे आज तक याद है. पूरी लाईन ने नया इंजन माँगा था. अकेले मोहितेजी थे जिन्होंने लिखा, पुराना ही रखो. हम लोग बहुत हँसे थे. पर क्या प्यार था पुराने इंजन से!"

तंबूत सगळे हसले. प्रेमानंच हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाबांना टाळ्या दिसल्या. चेहरा उजळला त्यांचा. ते माझ्याकडे वळले आणि माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "काय म्हणाले? रिपोर्टाचं काहीतरी म्हणाले ना?"

साहेब माइक धरून थांबले होते. भरतभाई माझ्याकडे बघत होते.

"म्हणाले," मी सांगितलं, "तुमच्या रिपोर्टामुळे नवं इंजिन आलं."

बाबांचे डोळे भरले. ते उठले, हारासकट वाकून त्यांनी साहेबांना नमस्कार केला आणि ज्यांना आपला आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं, सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, खरं तेच लिहिलं होतं मी. माझं इंजिन गेलं, पण खोटं नाही लिहिलं."

हसणं थांबलं. साहेबांना मराठी येत नव्हतं, पण एवढं समजण्याइतकी वर्षं त्यांनी बडोद्यात काढली होती. ते आधी बाबांकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मग त्यांनी माइक खाली ठेवला, बाबांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांना दिसेल अशी, सावकाश, होकाराची मान हलवली.